‘लोकांना आवडते म्हणून खपते’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांविषयी कोणी काही लिहिले की त्याखाली हमखास येणारा एक संदेश सध्या घराघरांच्या आणि सोसायट्यांच्या समूहांवर फिरत आहे. त्याचा सारांश असा : प्रक्रिया तर पापड-लोणच्यावरही होते, वजन वाढते ते बैठ्या राहणीमुळे, बहुराष्ट्रीय कंपन्या लोकांना हवे तेच पुरवतात, गरिबांना त्यातून स्वस्त पोषण मिळते, आणि पाकिटावर इशारे छापून कोणाची जीभ बदलत नाही. या पाचांपैकी एकदोन विधानांत तथ्याचा अंश आहे, आणि बाकीची त्याच्या आडोशाने खपून जातात.

पापडापासून सुरुवात करू. ज्या वर्गीकरणातून ‘अतिप्रक्रियायुक्त’ हा शब्द आला ते ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाचे संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ पासून मांडलेले असून ‘नोव्हा’ या नावाने ओळखले जाते, आणि त्याचा आक्षेप प्रक्रियेला नाहीच. त्यात चार गट आहेत. दळणे, वाळवणे, आंबवणे या क्रिया पहिल्या गटातही बसतात, मीठ-तेल घालून टिकवलेले लोणचे तिसऱ्या गटात जाते, आणि चौथ्या गटात जाते ते घरच्या स्वयंपाकघरात कधी न येणाऱ्या घटकांपासून कारखान्यात जुळवलेले खाद्य. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला पाच रुपयांचा क्रीम बिस्किटांचा पुडा आत्ता माझ्यासमोर आहे. मागची अक्षरे इतकी बारीक आहेत की मोबाइलने फोटो काढून, तो मोठा करूनच ती वाचता आली : मैदा, साखर, पामतेल, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर ३२२, पीठ फुगवण्यासाठी ५०० आणि ५०३, शेवटी कृत्रिम स्वाद. यातला ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडाच आहे, तेव्हा नुसत्या आकड्यांना भिण्याचे कारण नाही. पण हे सगळे एकत्र आणून कोणी घरी बिस्किटे करत नाही, एवढे मान्य व्हावे. गव्हाचा कापलेला पाव आणि कोला एकाच चौथ्या गटात पडतात, ही टीकाकारांची तक्रार मात्र रास्त आहे. ढोबळ गटातली ढिलाई तेवढ्याने सिद्ध होते; पापड आणि कोला सारखेच आहेत, हे नव्हे.

दुसरा मुद्दा कॅलरींचा आणि व्यायामाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू यांचे प्रमाण दोन्हीकडे जुळवलेले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की अतिप्रक्रियायुक्त आहारावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नावर जवळजवळ तेवढीच उतरली. प्रयोग लहान होता हे खरे, पण ‘कॅलरी ती कॅलरी, कशातूनही येवो’ म्हणणाऱ्यांना त्याला उत्तर द्यावे लागेल. आणि व्यायामाचाच जप करणाऱ्या ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ या संशोधकांच्या गटामागे कोका-कोलाचा पैसा असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, त्याच वर्षअखेरीस तो गट गुंडाळला गेला आणि कोलोरॅडो विद्यापीठाने १० लाख डॉलर कंपनीला परत केले, हेही संदेश पुढे ढकलताना आठवावे.

आता ‘लोकांना हवे तेच’. संदेशाचा सगळा भार या वाक्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

२०१० साली नेस्लेने ब्राझीलमधल्या बेलें बंदरातून एक बोट सोडली. ती तरंगते दुकान होते. दूध पावडर, चॉकलेटे, बिस्किटे घेऊन ती ॲमेझॉनच्या काठावरच्या, रस्ता धड न पोहोचलेल्या गावांना जात असे. त्या गावांनी मोर्चा काढून बिस्किटे मागितली नव्हती. शहरांच्या गरीब वस्त्यांत याच कंपनीचा माल घरोघर नेणाऱ्या हजारो विक्रेत्या होत्या, बहुतेक त्याच वस्तीतल्या बायका. माल उधार मिळे, पैसे द्यायला महिन्याची मुदत असे, आणि ‘बोल्सा फामिलिया’ या सरकारी अनुदानाचे पैसे कोणत्या घरात कधी येतात हे त्यांना ठाऊक असे. मला त्या बायकांना बोल लावायचा नाही, त्यांचे घर त्यावर चालत होते. पण पुढचे पाहा : २०१७ मध्ये कंपनीने बोट बंद केली, तेव्हा खासगी बोटवाल्यांनी तोच माल नेणे सुरू केले, कारण आता मागणी खरोखरच होती. मागणी बोटीच्या मागून आली, हा क्रम संदेशात उलटा झाला आहे.

मेक्सिकोची गोष्ट आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला चटकन कळेल. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाल्यावर अमेरिकी मक्यापासून केलेले फ्रुक्टोजयुक्त सिरप तिथल्या शीतपेयांत शिरू लागले. २००२ पासून मेक्सिकोने उसाच्या साखरेखेरीज अन्य गोडी वापरणाऱ्या शीतपेयांवर २० टक्के कर लावला. हेतू आरोग्याचा नव्हता, देशी साखर वाचवण्याचा होता. या करावरून जागतिक व्यापार संघटनेत मेक्सिको २००६ मध्ये हरला, आणि सिरपच्या धंद्यातल्या कारगिल कंपनीला २००९ मध्ये लवादाने ७ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. बाटलीत कोणती गोडी असावी हे ज्या दालनात ठरले, तिथे पिणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

स्वस्त पोषणाच्या मुद्द्यात ‘स्वस्त’ हा शब्द खरा आहे. हॉल यांच्याच प्रयोगात दिवसाला २००० कॅलरींच्या हिशेबाने आठवड्याच्या साहित्याचा खर्च अतिप्रक्रियायुक्त आहाराला १०६ डॉलर आणि साध्या आहाराला १५१ डॉलर आला, आणि शिजवण्याचा वेळ वेगळाच. ज्या आईला पहाटे पाचला कामावर निघायचे आहे तिला उपदेश करण्यात अर्थ नाही. ‘पोषण’ हा शब्द मात्र तपासायला हवा. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या नेस्लेच्या बाळ-आहारात एका वेळच्या खाण्यामागे सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर वरून घातलेली होती, आणि जर्मनी-ब्रिटनमध्ये त्याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या बाळ-आहारात ती नव्हती. हे भारतीय नियमांच्या मर्यादेत होते, हे कंपनीचे म्हणणे चूक नाही. पण मग लोहाची आणि जीवनसत्त्वांची जाहिरात कोणत्या तोंडाने करायची? आणि हा केवळ परदेशी कंपन्यांचा खेळ आहे असेही मी म्हणणार नाही. माझ्यासमोरचा पुडा अस्सल देशी कंपनीचा आहे.

राहिला इशाऱ्यांचा प्रश्न. चिलीने जून २०१६ पासून साखर, मीठ, स्निग्धांश किंवा कॅलरी जास्त असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर तसे सांगणारे काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्यांवरची मुलांना भुलवणारी कार्टून हटवली आणि अशा पदार्थांची शाळांतली विक्री थांबवली. पुढच्या दीड वर्षात साखरयुक्त पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. लठ्ठपणा त्याने मोडला असे म्हणण्याइतका पुरावा नाही, पण ‘काहीच फरक पडत नाही’ हेही खरे नाही. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याच्या शिक्क्यांऐवजी पदार्थाला गुणांनुसार तारे देण्याचे सुचवले. त्या हिशेबात साखर-मिठाचे उणे गुण तंतू, प्रथिने, सुकामेवा यांच्या अधिक गुणांनी भरून काढता येतात. म्हणजे माझ्यासमोरच्या पुड्यातल्या साखरेला हात न लावता मैद्यात थोडा कोंडा मिसळला, तरी गुण सुधारतील.