एकाच पुस्तकाची हजारदा नोंद

महाराष्ट्रातल्या ग्रंथपाल मित्रमैत्रिणींशी बोलणं निघालं की हल्ली गाडी एकाच वादावर येते. एक पक्ष म्हणतो, तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, नियम शिकवणं आता पुरे झालं. शीर्षकपानाचा फोटो काढा, एआय नोंद करून देईल. दुसरा पक्ष भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची ढाल पुढे करतो. त्यांनी १९३४ साली तालिकीकरणाची स्वतंत्र संहिता रचली, हे खरंच. पण परीक्षा संपल्यावर ती उघडता का, असं विचारलं की विषय बदलतो.

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. इथे सगळं यंत्रच करतं, असा तिकडे समज आहे. वरवर पाहता बरोबर आहे: नवं पुस्तक आलं की आम्ही बहुतेकदा तयार नोंद उतरवून घेतो. पण ती कुणीतरी कुठेतरी नियमाने केलेली असते. अमेरिकी संसदेची लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून इतर ग्रंथालयांना छापील कार्डं विकू लागली. संगणकाला कळेल असा ‘मार्क’ नमुना हेन्रिएट अव्रॅम यांनी तिथेच बसवला तो १९६०च्या दशकात. वाटून घ्यायची सवय आधीची, यंत्र नंतरचं. गंमत अशी की, अमेरिकी विद्यापीठांत येणाऱ्या कित्येक मराठी पुस्तकांची नोंद होते ती याच ग्रंथालयाच्या दिल्लीतल्या कचेरीत. आणि सातारा-सांगलीकडची वाचनालयं तेच पुस्तक आपापल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात.

एका वाचनालयात ‘शिरवाडकर, वि. वा.’, दुसऱ्यात ‘वि.वा.शिरवाडकर’, तिसऱ्यात नुसतंच ‘कुसुमाग्रज’. हे एआय जुळवेल, नाव मोठं आहे. पण एकाच नावाचे दोन पाटील, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, दोघांचा एकेक कवितासंग्रह, दोन्ही गावातच छापलेले? तिथे यंत्र बेधडक ठोकून देतं. जाणता ग्रंथपाल प्रकाशकाला फोन लावतो.

इथले नियमही काही पवित्र नाहीत. कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांवरची पुस्तकं लायब्ररी ऑफ काँग्रेस ‘इल्लीगल एलियन्स’ या विषयशीर्षकाखाली नोंदवायची; ते बदला, अशी मागणी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली. मध्ये संसदेतलं राजकारण शिरलं आणि बदल व्हायला २०२१ उजाडलं. संताप यावा इतका उशीर. तरी जाब कुणाला विचारायचा, हे त्या मुलांना ठाऊक होतं.

महाराष्ट्रात १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांतली हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सरकारी ‘ई-ग्रंथालय’ आहे. सॉफ्टवेअरवाचून काही अडलेलं नाही. हवी आहे ती लेखकांच्या नावांची एक सामायिक यादी आणि एकदा केलेली नोंद सगळ्यांना वापरू देण्याची सोय. कच्ची नोंद एआयने खुशाल करावी. ती तपासणार मात्र तोच ग्रंथालय सेवक, जो वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागतो आहे. संगणकीकरणाच्या प्रस्तावात त्याच्या पगाराची ओळ आधी लिहा, सॉफ्टवेअरचं मग बघू.