आमचं रांगणं अकोल्याला उतरलं

आमच्या मुलाचं पहिलं रांगणं आमच्याकडे नाही. ते एका आजींच्या फोनमध्ये आहे. त्या आजी अकोल्याला उतरल्या, त्यांचा फोन उतरला, आणि मी, म्हणजे जिनं या मुलाला जन्माला घातलं ती, खिडकीतून बघत बसले.

थोडक्यात सांगते. नवऱ्याची बदली नागपूरला झाली. सामान पुण्याहून ट्रकनं पुढं गेलं, आम्ही दिवाळीला कोल्हापूरला माझ्या माहेरी गेलो आणि भाऊबीज उरकून महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट नागपूर. ही गाडी कोल्हापूरहून निघते ती गोंदियाला जाऊनच थांबते. एका दुपारी बसायचं, दुसऱ्या दिवशीची दुपार कलली की नागपूर. मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. रेल्वेच्या हिशेबात पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, त्यामुळे बर्थही नाही. म्हणजे बाळ फुकट आणि आई अर्ध्या कुशीवर. २०२२ साली लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला बाळासाठी छोटा बर्थ जोडून पाहिला होता म्हणे. नशीब लागतं, लखनौकडं जन्माला यायचं.

गाडीत बसायच्या आधीच मी वैतागलेली होते. दिवाळीत माहेरी गेलं की लाड होतात अशी माझी समजूत होती. लाड झाले, बाळाचे. माझी झाली तपासणी. दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या आत्यानं विचारलं, "रांगतो का गं?"

"अजून नाही."

"अगंबाई!" हे 'अगंबाई' आत्या एरवी कुणी गेल्याचं कळल्यावर वापरते. मग मामेबहिणीचा मुलगा पाचव्या महिन्यात रांगल्याचं आणि सातव्यात कपाट उघडायला लागल्याचं ऐकवण्यात आलं. मामेबहीण शेजारीच नम्रपणे करंजी खात बसली होती.

मी अभ्यासू बाई. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतली मुलं पाहून रांगण्याचा काळ ठरवलाय, साधारण सव्वापाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत केव्हाही, आणि शंभरात चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात, हे मी आत्याला सांगितलं. त्या पाच देशांत आपलाही आहे, दिल्लीची मुलं होती, हेही सांगितलं.

"दिल्लीच्या पोरांचं आम्हाला नको सांगूस," आत्या म्हणाली.

कुठल्या महिन्यात मुलानं काय करावं याच्या अमेरिकेच्या सरकारी यादीतून तर २०२२ साली रांगणं काढूनच टाकलंय, हा माझा हुकमाचा पत्ता. त्यावर आत्या म्हणाली, "तिकडं खाली गालिचे असतात, गुडघे घासत असतील." पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तेवढ्यात वहिनीनं बाळाला चमच्यानं पाणी पाजलं आणि टण्ण आवाज आला. दात! घरभर आनंद पसरायला हवा होता, पण वहिनीनं ओठ वर करून पाहिलं आणि गप्प झाली. दात वरचा होता. खालचे सोडून वरचा दात आधी आला तर मामाला भारी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. मामा म्हणजे माझा सख्खा भाऊ. तो इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कामासाठी मोटरसायकलनं आंबा घाटातून रत्नागिरीला जाणार होता, तो एसटीनं गेला. मामानं भाच्याला चांदीची वाटी दिली की दोष जातो, असा तोडगा आत्यानं तिथल्या तिथं काढला. वाटी आली. विश्वास नसलेल्या माणसानं ती जड बघून आणली होती.

ही वाटी लक्षात ठेवा, तिनंच माझा घात केला.

खरं तर घात होण्याची ही पहिली वेळ नव्हे. बाळ पहिल्यांदा पालथं पडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात बरण्या मोजत होते. बाहेर सामानाचा अंदाज घ्यायला आलेला माणूस कागदावर 'सोफा १, कपाट २' लिहीत होता. त्यानंच हाक मारली, "मॅडम, तुमचं बाळ पलटी झालंय." मी धावत गेले तर बाळ पोटावर, मान वर, चेहऱ्यावर विजय, आणि बघतंय त्या माणसाकडं. त्यानं "शाब्बास" म्हणून पुढं लिहिलं, 'पाळणा १'. आमच्या घरातला तो क्षण हा माणूस कुठल्याशा डायरीच्या मागच्या पानावर घेऊन गेला, वर वजनाचा अंदाजही जास्तच लावला.

तर गाडी. भुसावळ मागं पडलं होतं. समोरच्या बर्थवर या आजी. नऊवारी, गुडघ्याला पट्टा, मांडीवर स्टीलचा डबा. मनमाडच्या सुमाराला उजाडलं तेव्हापासून बाळ त्यांच्याकडंच होतं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, मी दिलं नव्हतं, ते आपोआप गेलं होतं. मी बाळाला मऊ भात भरवला त्या चांदीच्या वाटीत, कारण आत्यानं बजावलं होतं की नागपूरपर्यंत दुसऱ्या भांड्यात भरवायचं नाही. चांदीची वाटी बर्थवर खरकटी ठेवून चालत नाही. ती धुवायला मी बेसिनपाशी गेले. वरच्या बर्थवरून नवरा म्हणाला, "जा तू, मी आहे ना."

'मी आहे ना' हे वाक्य नवरे डोळे मिटून म्हणतात.

बेसिनपाशी रांग. पुढचे गृहस्थ दाढी करत होते. धावत्या गाडीत, साबण लावून, गालाची एकेक बाजू. मी वाटी घेऊन उभी. मागं आमच्या डब्यातून टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल.

परत आले तर आख्खा कंपार्टमेंट हसतमुख.

"कुठी गेल्ती वो माय?" आजी म्हणाल्या. "लेकरू रांगलं ना!"

"कधी?"

"आत्ता! चकलीचा डबा ठेवला म्या इकडं, तं थे तिकडून आलं ना बाप्पा, असं, टुकूटुकू!" आजींनी दोन्ही हात बर्थवर टेकून मला करून दाखवलं. पट्टा बांधलेल्या गुडघ्यानिशी. साइडच्या बर्थवरचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "भारी रांगला, ताई." त्याच्या पलीकडचे काका म्हणाले, "आधी डावा हात टाकला." म्हणजे सगळ्यांकडं तपशील होता. वर नवरा घोरत होता.

मी बाळाला बर्थच्या त्या टोकाला ठेवलं. या टोकाला डबा ठेवला. बाळानं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पाठीवर पडून स्वतःचा अंगठा तोंडात घातला.

"म्या व्हिडू काढला ना," आजी म्हणाल्या.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी फोन लांब धरून व्हिडिओ लावला. अर्ध्या पडद्यावर त्यांचा अंगठा, उरलेल्या अर्ध्यात चकलीचा डबा, आणि त्यामागं, देवाशप्पथ, माझ्या मुलाचं हलतं ढुंगण. वर आजींचा आवाज, "ये ये ये, ये रे माह्या राजा."

"आजी, मला पाठवा ना. माझा नंबर घ्या."

"मले पाठवता नाही येत. नातू पाठवते."

"द्या इकडं, मी घेते पाठवून."

आजींनी फोन पदराखाली घातला. "फोन नाही देत मी कोनाले. त्यात ओटीपी येते."

"ओटीपी नको मला, फक्त व्हिडिओ."

"थे तसंच म्हन्तात सारे."

मी म्हटलं, "बरं, तुमचा नंबर सांगा, मी फोन करीन, मग नातवाला सांगा."

"नंबर तं बिलकुलच नाही सांगायचा! रोज सांगत होते ना फोनात." फोन लावला की पलीकडच्यानं उचलायच्या आत फसवणुकीपासून सावध राहायला सांगणारी ती ध्वनिफीत मध्यंतरी आपण सगळ्यांनी शिव्या देत ऐकली. ती मनापासून ऐकलेली व्यक्ती मला या देशात एकच भेटली आणि ती माझ्या मुलाचा व्हिडिओ पदराखाली धरून बसली होती.

"आजी, मी तुमच्याकडं सकाळपासून माझं बाळ दिलंय!"

"लेकरू अलग अन् फोन अलग," आजी शांतपणे म्हणाल्या. "लेकरातून पैसे नाही जात."

हे खोटं आहे, पण त्या वेळी मला सुचलं नाही.

मग मी आजींच्या पडद्याचाच माझ्या फोननं व्हिडिओ काढायचं ठरवलं. आजी तयार झाल्या, पण फोन हातातून सोडायला नाही. गाडी हलतेय, त्यांचा हात हलतोय, माझा हात हलतोय, आणि व्हिडिओ सुरू होतो न होतो तोच त्यांच्या सुनेचा फोन. "हो, आलीच. अकोला आलं. हो वो, लय गोड लेकरू भेटलं गाडीत, रांगलं माह्याचसमोर!" बोलता बोलता पिशव्या निघाल्या, कॉलेजच्या मुलानं त्या उचलल्या, आजींनी बाळाच्या गालावरून बोटं मोडली, त्याच्या मुठीत दहाची नोट कोंबली आणि उतरल्या. मी खिडकीतून ओरडले, "आजी, नातवाला सांगा!" त्या हात हलवत म्हणाल्या, "सुखी राहा!"

नवरा बडनेऱ्याच्या आसपास उठला. सगळं ऐकून म्हणाला, "मग काय झालं, परत रांगेलच की."

रांगेल. रांगलाच. नागपूरच्या घरात खोक्यांच्या मधून आता दिवसभर रांगतो, कालच त्यानं 'काचेचं, जपून' लिहिलेलं खोकं ढकलून पाहिलं. पण मला विचारा, नऊ महिने वागवायचं कुणी, रात्री जागायचं कुणी, तीन-तीन सुयांनंतर चढलेला ताप मोजायचा कुणी, आणि टाळ्या वाजवायला कोण, तर आधी डावा हात टाकला हे पाहणारे पलीकडचे काका! बाळ काहीही पहिल्यांदा करतं तेव्हा आई कुठलं तरी भांडं विसळत असते, आणि बाप जवळच असतो, पण झोपलेला. हे मी गमतीत लिहितेय असं समजू नका. त्या दाढीवाल्या गृहस्थांचा मला अजून राग येतो.

काल रात्री मामेबहिणीचा फोन आला. मी म्हटलं, "रांगला हं आमचा."

"अय्या! व्हिडिओ पाठव ना."

मी घरातला पाठवला. तिनं तो पाहिला आणि म्हणाली, "छान. पण हा पहिला नाही वाटत, सराईत दिसतोय. कधी लागला रांगायला नक्की?"

"आठव्या महिन्यात. गाडीत."

"असू दे," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "उशिरा का होईना." आणि मग लगेच, "धरून उभा राहतो का गं?"