तू कुणाचा?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत तुम्ही कुठल्या देशाचे, काय शिकलात, पगार किती याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नसतं, गावातल्या दोन फुटबॉल क्लबांपैकी तुमचा कुठला एवढंच विचारतात, सेल्टिक का रेंजर्स? मी तिथं होतो 2004-05 मध्ये आणि तो अख्खा सीझन मी या प्रश्नाचं उत्तर न देण्यात घालवला. ऑफिसात माझी खुर्ची नेमकी मधली. डाव्या हाताला सेल्टिकवाला, उजव्या हाताला रेंजर्सवाला, दोघंही माणसं म्हणून सोन्यासारखी, पण शनिवारी मॅच झाली की सोमवारी एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. "त्याला सांग, प्रिंटरमधला कागद संपलाय." प्रिंटर त्याच्या कोपरापाशी!

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळं फुटबॉलपायी गल्लीगल्लीत अबोला धरतात हे काय मला नवीन नव्हतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी ही दोन मंडळं समोरासमोर आली की घरातल्या घरात ताटं वेगळी होतात. पण आमच्यात निदान धर्म तरी मधे येत नाही हो. इथं सेल्टिक निघालं तेच चर्चच्या हॉलमधून, 1887 मध्ये, आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांसाठी, आणि रेंजर्स म्हणजे प्रोटेस्टंटांचं. मी म्हणायचो, बाबांनो मी हिंदू आहे, मला यातून सोडा. तर लगेच, "हो, पण कॅथलिक हिंदू का प्रोटेस्टंट हिंदू?" हा जोक मला त्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसानं ऐकवलाय, आणि प्रत्येकानं अशा थाटात की आत्ताच सुचलाय, आणि प्रत्येक वेळी मी हसलोय, कारण परक्या मुलखात राहायचं म्हणजे हसावं लागतं.

खरा जाच कपड्यांचा. हिरवं घातलं की सेल्टिक, निळं घातलं की रेंजर्स. आईनं प्रेमानं विणून पाठवलेला पोपटी स्वेटर बॅगेच्या तळाशी गेला, जीन्ससुद्धा मी काळी घ्यायला लागलो. मग म्हटलं आपला भगवा काय वाईट, कुणाच्या अध्यात ना मध्यात, शिवजयंतीचा टी-शर्ट घालून गेलो ऑफिसला. उजवीकडच्यानं उठून पाठ थोपटली, डावीकडचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. नारिंगी रंग हा तिथं प्रोटेस्टंट लोकांचा, थेट ऑरेंजच्या विल्यम राजापासूनचा, म्हणजे महाराजांचा टी-शर्ट घालून मी रेंजर्सच्या गोटात जाऊन बसलेलो. त्यानंतर आपण फक्त करडा. करडा शर्ट, करडा कोट, करडे मोजे. हवा पण तिथली करडीच, त्यामुळं मी दिसायचोच नाही फारसा.

कुणीतरी युक्ती सांगितली की "पार्टिक थिसल" म्हणायचं. हा ग्लासगोचाच तिसरा क्लब, लाल-पिवळा, कुणाचाच त्याच्यावर राग नाही. राग नाही म्हणजे काय, दखलच नाही. मी म्हणायला लागलो आणि पुढच्याच्या चेहऱ्यावर लगेच "अच्छा, पळपुटा" असं उमटायचं, कारण ही पळवाट सगळ्या गावाला पाठ. त्यात माझा पायगुण असा की आधीच वरून दुसऱ्या पायरीवर असलेला थिसल त्या वर्षी तिसऱ्या पायरीवर घसरला.

लीगबद्दल सांगायचं तर 12 टीम, 33 मॅच झाल्या की टेबल मधोमध कापतात, वरचे सहा एकमेकांशी, खालचे सहा एकमेकांशी, आणखी पाच मॅच. त्यामुळं सातव्या टीमचे पॉइंट सहाव्यापेक्षा जास्त झाले तरी ती सातवीच. हे मला डाव्यानं आणि उजव्यानं वेगवेगळं समजावलं आणि दोन्ही वेळा डोकं दुखलं. त्याच वर्षी इनव्हर्नेसची टीम वर चढून आली तर म्हणे स्टेडियममध्ये 10,000 खुर्च्या नाहीत, म्हणून बिचारे जानेवारीपर्यंत स्वतःच्या "होम" मॅच खेळायला दीडशेहून जास्त किलोमीटरवर अॅबर्डीनला जात होते. नियमावर बोट म्हणतात ते असं.

तर एप्रिलच्या शेवटी सेल्टिकनं रेंजर्सच्याच ग्राउंडवर, आयब्रॉक्सवर, जाऊन त्यांना 2-1 हरवलं आणि चार मॅच बाकी असताना पाच पॉइंटनी पुढं गेले. डाव्यानं सगळ्या फ्लोअरला डोनट वाटले. उजव्याने घेतला नाही, मी घेतला तर माझ्याकडं असं बघितलं की मी तो अर्धाच खाल्ला. पुढच्याच आठवड्यात सेल्टिक स्वतःच्या घरी एडिंबराच्या हिब्स क्लबकडून 3-1 मार खाऊन बसले, आणि 22 मेला शेवटच्या दिवशी फरक उरला दोन पॉइंटचा. सेल्टिक मदरवेलला, रेंजर्स एडिंबराला हिब्सकडे. कप एक आणि ग्राउंड दोन, म्हणून कप ठेवला हेलिकॉप्टरमध्ये, जो जिंकेल तिकडं न्यायचा.

डाव्यानं मला त्याच्या पबमध्ये नेलं. नेलं म्हणजे दंडाला धरून. आत सगळं हिरवं, मी एकटा करडा, हातात आयर्न ब्रू, त्याचाही रंग नारिंगी पण त्याला कुणी काही म्हणत नाही, ते कोल्ड्रिंक म्हणजे स्कॉटलंडचं व्हिस्कीनंतरचं राष्ट्रीय पेय. पहिल्या हाफमध्येच क्रिस सटननं गोल मारला आणि मला अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या. सेकंड हाफमध्ये तिकडं नाचो नोव्होनं रेंजर्ससाठी मारला, पण सेल्टिक पुढं आहेत तोवर त्याला काय अर्थ, म्हणून गाणी चालूच. 88 व्या मिनिटाला मदरवेलच्या स्कॉट मॅक्डोनाल्डनं, पाठ गोलकडं असताना गर्रकन वळून, बॉल आत घातला. ज्या मदरवेलला त्या मॅचमधून काहीच मिळायचं नव्हतं त्या मदरवेलनं! गाणं मधल्याच शब्दावर तुटलं.

आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. उजव्याचा मेसेज, "कुठं आहेस?" एवढंच. फोनचा लाईट निळा. तुम्हाला सांगतो, त्या अंधाऱ्या पबात तो निळा उजेड माझ्या हनुवटीवर पडला तेव्हा शेजारचा दाढीवाला ज्या नजरेनं वळला त्या नजरेनं बघितलेलं माणूस विसरत नाही. मी फोनवर बसलो, शब्दशः. तेवढ्यात 90 व्या मिनिटाला त्याच मॅक्डोनाल्डनं दुसरा घातला. आता चेहरा कसा ठेवायचा? दुःखी केला तर खोटा वाटतो, नुसता ठेवला तर खूश वाटतो. मी चष्मा काढून पुसत बसलो.

टीव्हीवर म्हणे हेलिकॉप्टर वळलं. एडिंबराला तर शेवटी दोन्ही टीम आपापल्यात निवांत पासपास खेळत होत्या, कारण हिब्सना एकाच गोलनं हरलं तरी तिसरा नंबर पक्का होता, उगाच धावपळ कोण करतो. रेंजर्स 93, सेल्टिक 92.

सोमवारी डावा आला नाही. उजव्यानं केक आणला, माझ्यासाठी दोन तुकडे काढले आणि विचारलं, काल मेसेजला उत्तर का दिलं नाहीस? त्याच आठवड्यात सेल्टिकचे मॅनेजर मार्टिन ओनील बायकोच्या आजारपणासाठी पद सोडतायत अशी बातमी आली, तेव्हा मात्र उजवा स्वतः उठून डाव्याच्या टेबलाशी गेला, मला मधे न घालता बोलला. मला उगाचच नोकरी गेल्यासारखं वाटलं.

मी पुढं कोल्हापूरला परत आलो. 2007 मध्ये डाव्याचा फोन, सेल्टिकनं नवा स्ट्रायकर घेतलाय, स्कॉट मॅक्डोनाल्ड. मी म्हटलं, अरे तोच ना, ज्यानं तुमचं वाट्टोळं केलं?

"छे रे," म्हणाला, "तो पोरगा लहानपणापासून आपलाच."