‘ढालकिडे हिवाळ्यात झोपतात, बिनधास्त फवारा’: हे ऐकू नका

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. बर्फाळ जंगलात झाडाच्या बुंध्याला हजारो लाल ढालकिडे (लेडीबर्ड) चिकटलेले, आणि खाली मजकूर: ‘ढालकिडे दिवाळीनंतर चार महिने झोपतात. रब्बीत वावरात दिसणारे लाल किडे पाला खाणारे असतात. बिनधास्त फवारा.’ यवतमाळ-वाशीमकडे करडई वाढीला लागली असताना हा सल्ला महागात पडेल.

झोपतात हे खरं, पण जिथे महिनोन्‌महिने बर्फ असतो तिथे. दिवस लहान होऊ लागले की ते अंगात चरबी साठवतात, अंडी घालणं थांबवतात आणि सालीखाली, पालापाचोळ्यात, कपारीत एकमेकांना खेटून बसतात. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत असे प्रचंड थवे जमतात. शरीराचं काम मंदावतं आणि साठवलेल्या चरबीवर हिवाळा निभतो. वर बर्फ साचला तरी बिघडत नाही; त्या थराखाली हवेतला कडाका पोचत नाही.

आपल्याकडे डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी पारा बहुतेक 25 अंशांच्या वर असतो. करडई, गहू, मोहरीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, याच दिवसांत वाढतो. मावा हेच ढालकिड्याचं खाणं; ते समोर असताना तो झोपेल कशाला? त्याचे खरे हलाखीचे दिवस एप्रिल-मेचे, उन्हाने वावरं ओस पडतात तेव्हाचे. म्हणून धुऱ्यावरचं गवत सरसकट पेटवू नका, तेवढाच त्याला आडोसा.

खात्री करायची तर करडईचा शेंडा वाकवून पाहा. पिवळी अंडी पुंजक्याने उभी रोवलेली दिसतील. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी लांबट अळी मावा धरून खाताना दिसेल. पानाला चिकटलेल्या कोषाला बोट लावा, तो झटक्यात ताठ उभा राहतो. ही सगळी पिलावळ भर थंडीतली आहे. त्या अळीलाच कीड समजून कितीतरी जण चिरडतात, याचं फार वाईट वाटतं. कोषात जाईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा फस्त करते.

पाला खाणारा एक भाऊबंद आहे खरा, एपिलॅक्ना. तो वांग्यावर असतो. रंग मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, आणि पान खरवडून त्याची जाळी करतो. करडईवरचा चकचकीत लाल किडा तो नव्हे.

आता फवारणी. डायमिथोएटसारखं औषध मावा मारतं तसे ढालकिडेही मारतं. पण माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, त्यामुळे उरलासुरला मावा भराभर वाढतो. ढालकिड्याला अंडी, अळी, कोष असा सगळा फेरा पुन्हा करावा लागतो. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. करडईवर मावा सहसा आधी कडेच्या ओळींवर येतो. त्या ओळी नेमाने पाहा, मावा फारच वाढला तर तेवढ्याच पट्ट्यावर फवारा आणि आतलं वावर ढालकिड्यांकडे राहू द्या.