काका, घोळ लेझरचा नाही, टेबलाचा आहे

काका, स्वस्त लेझरने घरच्या टेबलावर कंपन आणि पत्र्याचा वाक मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजण्यावरचा माझा लेख, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "दीडशे रुपयांच्या लेझरने मायक्रॉन मोजणं म्हणजे पोरखेळ. अंबडच्या शॉपफ्लोअरवर चालवून दाखवा. त्यापेक्षा आमचा डायल गेज बरा." चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाशी गेजवरून, म्हणजे काट्याच्या मापकावरून, वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पण लेझर स्वस्त म्हणून मोजमाप कच्चं, हे काही पटत नाही.

इथे मोजपट्टी आहे ती प्रकाशाची तरंगलांबी. माझा लाल लेझर डायोड 650 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). समोरची वस्तू 325 नॅनोमीटर सरकली की सिग्नलमध्ये एक पट्टा (उजेडाचा एक चढउतार) पुढे जातो. तुमच्या गेजवरच्या एका रेघेत, म्हणजे 10 मायक्रॉनमध्ये, असे तीसेक पट्टे बसतात. डायोड तापला की तरंगलांबी हलते, हे खरं. कंपन मोजताना तो सावकाश फरक आड येत नाही. स्थिर वाक मोजताना येतो, म्हणून अर्धा तास आधी डायोड चालू ठेवतो.

आता तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलेली मोटार घेऊ. 2880 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 48 फेरे. या टोकापासून त्या टोकापर्यंत 20 मायक्रॉन थरथर असेल, तर मधल्या वेगवान टप्प्यात सेकंदाला साधारण 9,300 च्या गतीने पट्टे जातात. परत आलेला उजेड डायोडमध्ये शिरून त्याचा प्रकाश कमीजास्त करतो, ते आतलाच फोटोडायोड (उजेड मोजणारा भाग) टिपतो आणि सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या कंप्युटरच्या साउंड कार्डला ते झेपतं. तुम्ही लिहिलेल्या 100 मायक्रॉनला मात्र हीच गती 46,000 च्या वर जाते. तिथे साउंड कार्ड झोपतं. हा मुद्दा तुमचा, मूळ लेखात मी तो लिहायला हवा होता.

मी हरतो ते टेबलापाशी. हादरे अडावेत म्हणून ओट्याची उरलेली ग्रॅनाइटची फरशी स्कूटरच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर ठेवली आहे. तरी सिडकोतल्या आमच्या गल्लीतून टेम्पो गेला की स्पेकलच्या (लेझरच्या उजेडात पत्र्यावर दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या) चित्राची खिचडी. लेखातले फोटो म्हणूनच रात्री दोनचे. एक फोटो पत्रा थंड असताना, दुसरा त्याच्याजवळ तळहात मिनिटभर नुसता धरल्यावर. एकातून दुसरा वजा केला की पत्र्यावर वेडीवाकडी वलयं उमटतात. हाताच्या उबेने पत्रा फुगतो, तो असा दिसतो. (डायोडसमोर डोळा नेऊ नका, हे आमच्या धाकट्यालाही रोज सांगावं लागतं.)

शॉपफ्लोअरवर ही वलयं दिवसा दिसणार नाहीत, कबूल. मोटारीचं मात्र घरी येऊन बघाच. गेज घेऊन या. लोखंडी पाट काढून ठेवतो, ग्रॅनाइटला तुमच्या गेजचा मॅग्नेटिक बेस (चुंबकाचा स्टँड) काही चिकटायचा नाही.