बॅटरी शून्यावर नेऊ नका, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका

परवा आईचा फोन दिवसभर लागत नव्हता. जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी कळलं, तिने मोबाईल मुद्दाम बंद पडेपर्यंत वापरला, मग चार्ज केला आणि गरम लागला म्हणून फ्रीजमध्ये ठेवला. हे सगळं एका फॉरवर्डमुळे: ‘फास्ट चार्जरने बॅटरी सहा महिन्यांत मरते. ती नेहमी शून्यावर येऊ द्या, मगच चार्ज करा. फोन तापला तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. नवा फोन आधी आठ तास चार्ज करा.’

आधी फ्रीज, कारण यात खरंच नुकसान आहे. थंडगार फोन बाहेर काढला की हवेतली वाफ त्यावर आणि आतही दव होऊन बसते. आईच्या फोनच्या कॅमेऱ्याच्या काचेआड ते मी डोळ्यांनी पाहिलं. हेच दव आतल्या सर्किटवरही धरतं. शिवाय गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली, तर लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचू शकतं. त्यातलं काही कायमचं वाया जातं. फोन तापला तर कव्हर काढा, सावलीत ठेवा. तेवढं पुरतं.

शून्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आजच्या फोनमधली लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तिला पूर्ण उतरवायची गरज नसते. उलट रोज तळ गाठला की ती लवकर थकते. मधूनमधून थोडं थोडं चार्ज केलेलं चांगलं. दोनदा अर्धं भरलं तरी सायकल, म्हणजे पूर्ण चार्जची एक फेरी, एकच मोजली जाते.

आता फास्ट चार्जिंग. त्याने फोन जास्त तापतो आणि उष्णता बॅटरीला मारते, एवढं मान्य. पण जोरात करंट सुरुवातीलाच जातो, पुढे, साधारण ८० टक्क्यांनंतर, फोन स्वतःच तो कमी करत नेतो. किती घ्यायचा हे चार्जर नाही, फोन ठरवतो. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावरचा तक्ता बघा: पूर्ण भरलेली बॅटरी वर्षभर नुसती ठेवली, तर २५ अंशांना तिची ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांना ६५. तीच ४० टक्के भरून ठेवली तर ९६ आणि ८५. इथे चार्जर जोडलेलाच नाही, तरी एवढा फरक! म्हणजे रात्रभर उशीखाली, शंभर टक्क्यांवर, तापत पडलेला फोन साध्या चार्जरवर असला तरी झिजतोच.

आणि सहा महिने? युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० सायकलनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, असा नियम आहे. फास्ट चार्जिंगवाले फोनही त्यात आले. रोज एक सायकल धरली तरी दोन वर्षांच्या वर होतात.

आठ तासांचं तर सोडाच. बॅटरी भरली की फोन करंट घेणं थांबवतो.

आईच्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय होती, ती सुरू करून दिली. चार्जर तोच ठेवला आहे, आणि तिचा फोन आता लागतो.