बांधाचा वाद चिरंजीव ठेवण्याची पथ्ये

शेजाऱ्याशी बांधावरून वाद सुरू झाला असेल तर प्रथम अभिनंदन. जमिनीचं काय, वाटण्या होतात, विकली जाते. वाद मात्र नातवापर्यंत अखंड पोचवता येतो. सुरुवातीला थोडी निगा राखावी लागते, एवढंच.

पहिलं पथ्य हिशोबाचं. शेजारी बांध कोरतो, दर नांगरटीला नांगराचं एक तास आत सरकतो, हे पारावर सांगावं. त्याला सांगू नये. आणि २०० फूट बांधाला दीड फूट पट्टी गेली म्हणजे ३०० चौरस फूट, पाव गुंठ्याहून जराशी जास्त, हे तर चुकूनही मोजू नये. पाव गुंठ्यात पिकतं किती आणि कोर्टाच्या एका तारखेला खर्च होतो किती, हे दोन आकडे एकाच कागदावर आले की भल्याभल्यांचा उत्साह मावळतो. 'जमीन खाल्ली' एवढंच म्हणावं. त्यात गुंठे दिसत नाहीत.

मोजणी टळत नसेल तर भूमी अभिलेखात अर्ज टाका, पण सोबत एक चुलता तयार ठेवा. मोजणीदार यंत्र लावतो, नकाशा पाहतो, खुणेवर चुन्याची फक्की टाकतो. नेमकं तेव्हा चुलत्यानं म्हणायचं, "दगड इथं नव्हताच, त्या बोरीखाली होता." बोर १९७२ च्या दुष्काळात वाळून गेलेली, त्यामुळे ती उलटतपासणीला येत नाही. मोजणी आपल्या बाजूनं लागली तर ती सरकारी. विरुद्ध लागली तर 'आम्हाला मान्य नाही' म्हणून सही न करता घरी यावं. संध्याकाळी चुन्यावरून म्हशी गेल्या की प्रकरण पुन्हा ताजं.

खरा धोका पुढे आहे. गावात एखादा समंजस माणूस असतोच. तो म्हणतो, "अरे, त्याला बांधावरून जायला वाट द्या, कागद करा आणि मोकळे व्हा." याला चहासुद्धा विचारू नका. कारण सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारख्या हक्काचा, कायदा आपल्याकडे १८८२ चा आहे, आणि त्याप्रमाणे वाट दिली तरी जमीन देणाऱ्याचीच राहते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र एका आरानंही कमी होत नाही. हे घरात कळलं तर 'वाट दिली म्हणजे जमीन गेली' ही भीती जपायची कशी?

त्या कागदात काय लिहितात ते सांगतो, टाळायला सोपं जाईल. वाट किती फुटांची. बैलगाडी जाणार की ट्रॅक्टर, आणि उसाचा ट्रक जाणार का. चिखल झाला तर मुरूम कोणी टाकायचा. फाटक बसवलं तर किल्ली कोणाकडे. वाटेखालून पाइपलाइन न्यायची असेल तर ते वेगळं नमूद करायचं. हे सगळं बांधावर बसून तासाभरात ठरतं, तीच तर लाजिरवाणी गोष्ट. मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला की पुढे जमीन विकली तरी वाट तिच्याबरोबर जाते. नव्या मालकाला भांडायला काही उरत नाही. पोराबाळांच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखंच हे.

नुसती परवानगीही लिहून देऊ नका. तुमच्या परवानगीनं कोणी जात असेल तर २० वर्षं जाऊनही त्याला वहिवाटीचा हक्क सांगता येत नाही. म्हणजे दोन ओळींत तुमची जमीनही सुरक्षित आणि त्याची वाटही चालू. इतका सोपा उपाय संशयास्पदच मानावा. त्यापेक्षा वीस वर्षं मुकाट जाऊ द्या आणि एकविसाव्या वर्षी ऐन सुगीत वाटेवर काटे टाका. तो सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लावेल. निकाल काही लागो, हरणारा वर जातोच.

भिंत किंवा गोठाच हद्दीत आला असेल तर मात्र वाटेचा कागद पुरत नाही. तिथे समोरच्याला जाण्यायेण्याचा हक्क नको असतो, ताबा हवा असतो. मग तुकडा रीतसर विकणं किंवा अदलाबदल, असले भेकड मार्ग उरतात. शेतजमिनीसाठी सरकारनं २०२३ मध्ये 'सलोखा' नावाची योजनाच काढली. किमान १२ वर्षं एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्यांनी अदलाबदल दस्त करायचा, मुद्रांक शुल्क १००० रुपये, नोंदणी फी १००० रुपये. आजोबांनी बैलजोडी विकून चालवलेला दावा दोन हजारांत मिटवायचा? वर जाऊन त्यांना तोंड कसं दाखवणार?

आमच्या वादातल्या पट्टीवर आता कोणीच पेरत नाही. मधोमध एक बाभूळ वाढली आहे. तिच्या शेंगा एक वर्ष त्यांच्या शेळ्यांना, एक वर्ष आमच्या. सरपणासाठी छाटायचंही तसंच पाळीपाळीनं. कधी ठरलं, कोणाला आठवत नाही. पाळी मात्र अजून एकदाही चुकलेली नाही. दोन्हीकडच्या वकिलांना हे कळू दिलेलं नाही.